अक्कानं दिलेली किडनी

“गोळ्या आण इकडं,” रुद्रम्मानं उंबऱ्यातूनच हात पुढं केला.

शांतलिंग जागचा उठला. थोरली बहीण उमरग्याला आली की आधी तांब्याभर पाणी मागायची, मग बसून दुष्काळाला शिव्या घालायची. आज एस.टी.तून उतरली ती थेट गोळ्यांवरच आली.

पाच वर्षांमागं हिनंच त्याला आपली एक किडनी दिली होती. सासरी केवढा तमाशा झाला! सासूनं सहा महिने अबोला धरला, तरी ही बया हटली नाही. अंगानं ती परकी किडनी झिडकारू नये म्हणून शांतलिंगाला रोज गोळ्या घ्याव्या लागत. गोळ्या अंगातली प्रतिकारशक्तीच दाबून टाकायच्या. दूध सोसायटीचं काम बघत त्यानं एकही दिवस चुकवला नव्हता.

आणि त्यातूनच हे उपटलं. शौचातून रक्त जायला लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा तपासला, तर लिम्फोमा निघाला.

“प्रतिकारशक्ती दबलेल्यांना क्वचित होतो हा कॅन्सर,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या कमी करू. गाठ विरण्याची आशा आहे. पण किडनी जाऊ शकते. मग डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल.”

त्याला तीन आठवडे झाले. शांतलिंगानं एक गोळीसुद्धा कमी केली नव्हती. दुपारी पोट धरून तो सोसायटीच्या बाकड्यावर आडवा व्हायचा. जीव नुसता विटून गेला होता. पण टँकरची घागर उचलताना कुशीला हात लावणारी अक्का आठवली, की तो मुकाट पुढची गोळी गिळायचा.

“तुला कुणी सांगितलं?” त्यानं विचारलं.

“डॉक्टरचं कार्ड आलं. तू तपासणीला फिरकला न्हाईस म्हून. माझा बी पत्ता हाय त्यांच्याकडं. मी फोन लावला, तवा गाठीचं आन् गोळ्या कमी करायचं समदं कळलं.”

तो भिंतीला टेकून खाली बसला. “अक्का, लई दमलोय मी. पण गोळ्या कमी केल्या तर तुझी किडनी मरंल गं. एवढं सोसून दिलीस. ती कशी घालवू?”

रुद्रम्माच्या डोळ्यांना धार लागली. कोनाड्यातली गोळ्यांची बाटली तिनं स्वतःच काढली, पदरात बांधली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

“ऊठ, सोलापूरची गाडी गाठायची हाय. अरं मुडद्या, किडनीनं तुला सांभाळावं म्हून दिली व्हती. तिला सांभाळीत तू मरावं म्हून न्हाय.”