फायनलआधीची विश्रांती

"सकाळी सेमीफायनल आणि दुपारी लगेच फायनल? सर, माझ्या पोरी काय लोखंडाच्या आहेत?" नेजदार मॅडमनी शालेय फुटबॉल स्पर्धेचं वेळापत्रक नाचवत विचारलं.

ते आखणारे यजमान शाळेचे इंगवले सर गोड हसले. त्यांच्या मुली कालच सेमीफायनल उरकून फायनलमध्ये पोचल्या होत्या. "काय करणार, मॅडम? दुपारी आमदारसाहेब यायचेत."

मॅडमच्या मुली सकाळी जेमतेम जिंकल्या आणि चिंचेखाली बॅगा उशाला घेऊन आडव्या झाल्या. आमदारसाहेब आले. रीतीप्रमाणे स्वागताला यजमान संघ भर उन्हात सावधानमध्ये उभा राहिला. मंडप फक्त पाहुण्यांसाठी होता. स्वागतगीत झालं, सत्कार झाले, नारळ संपले.

आमदारसाहेब दहाच मिनिटं बोलले आणि बसू लागले. इंगवले सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅडमनी चिंचेखालच्या घोरण्याचा कानोसा घेतला आणि त्या हात जोडून उठल्या. "साहेब, एवढ्यात? मुलींना तुमचा जीवनप्रवास ऐकायचाय हो. अगदी लहानपणापासून."

आमदारसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी माईक पुन्हा हातात घेतला आणि यजमानांची गोलकीपर मटकन खाली बसली.