नवशिक्यांची बाजू

“ताई, तुम्ही इंग्रज घ्या,” आयमान कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवत म्हणाली. “नवशिक्यांना तेच बरे. शेतं लावायची, भोवती भिंत घालायची. शत्रू आला की घंटा वाजवा, सगळी माणसं आपोआप आत पळतात.”

“अमनताय कोणाला घ्यायचा?” झाउरेशने विचारलं.

आयमानने त्याच्या खात्यातल्या जुन्या लढाया उघडल्या. “मंगोल. सगळीकडे मंगोलच. पण त्यांना भिंत नसते, ताई. तंबू उचलून हलायचं, मेंढ्या राखायच्या, घोडा पळवता पळवता बाण मारायचा. मुरलेले खेळाडू हरतात त्यात.”

“मग मंगोलच शिकव.”

अमनतायला वारून अकरा दिवस झाले होते. तो आणि झाउरेशचा नवरा सेरिकबोल कारागांडीच्या एकाच खाणीत वीस वर्षं उतरले. एका स्फोटात अमनतायचे कान गेले आणि तो कोस्तानायकडे आपल्या गावी परतला. फोनवर बोलणं संपलं. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी दोघं कॉम्प्युटरवर ही जुन्या राजांची लढाई मांडायचे आणि लढता लढता एकमेकांना लिहायचे. शनिवारी त्या खोलीत कोणी जायचं नाही, हा घरचा नियम होता.

अमनताय गेला त्याच आठवड्यात सेरिकबोलची छाती उघडावी लागली होती. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने कसलाही धक्का नको. अमनतायच्या बायकोचा फोन आला तेव्हा झाउरेश दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मग डोळे पुसून तिने अमनतायच्या खेळातल्या खात्याचा पासवर्ड मागून घेतला.

झाउरेशचं घर इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, आयमानचं दुसऱ्या. आयमान दातांच्या दवाखान्यात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी हाच खेळ खेळायची. तीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात काढलेली झाउरेशची बोटं चपळ होती, पण मेंढ्या चौफेर उधळायच्या आणि तंबू चुकीच्या टेकडीवर जाऊन बसायचे.

“आपले आजे-पणजे हेच करत आले,” ती वैतागून म्हणाली, “आणि मला एक मेंढी राखता येईना.”

“त्यांना माऊस नव्हता, ताई.”

सेरिकबोल घरी आला आणि पहिल्याच शनिवारी कॉम्प्युटरपुढे बसला. आयमानच्या आईचे पाय चोळून येते असं सांगून झाउरेश खाली आयमानकडे बसली. हरली. “डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय,” तिने लिहिलं. आयुष्यभर तिने नवऱ्याला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. आता त्याला ‘तू’ लिहिताना बोट अडखळायचं. पण वरून उत्तर यायचं, चेष्टा यायची, आणि जिना चढून घरी आलं की नवरा बरा दिसायचा. सूप मागून घ्यायचा. तेवढ्यासाठी तिने आणखी शंभर मेंढ्या राखल्या असत्या.

चौथ्या शनिवारी त्याने लिहिलं, “राइखान कशी आहे?”

राइखान अमनतायची धाकटी बहीण. नवरा वारलेली. झाउरेशने लिहिलं, “बरी आहे.”

पुढच्या शनिवारी तो पुन्हा विचारू लागला. मग लिहीतच गेला. “तिला सांग, उन्हाळ्यात येतो. कायमचा. मुलं मार्गी लागली. झाउरेशमध्ये काही खोट नाही. पण चौतीस वर्षं मी तिच्या घरात पाहुण्यासारखा राहिलो.”

झाउरेशचे घोडे जागच्या जागी उभे राहिले. शत्रूने एकेक करून कापले. आयमान आत चहा करत होती. मग झाउरेशने लिहिलं, “तिला सांगितलंस?”

“कोणाला?”

“झाउरेशला.”

“धीर होत नाही.”

त्या संध्याकाळी तिने त्याच्या गोळ्या काढून ठेवल्या. मटण शिजवलं. तो म्हणाला, मऊ झालंय. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. राग यायला हवा होता, पण शरमच जास्त वाटत होती. त्याने मित्रापुढे मन मोकळं केलं होतं. ती मेलेल्या माणसाचा मुखवटा घालून ते ऐकत बसली होती. तिची चोरी आधीची होती. त्याच्या पापाला हात घालायचा, तर आधी आपलं कबूल करायला हवं होतं.

तीन महिने भरले. डॉक्टर म्हणाले, आता जिने चढा, फिरा, काही हरकत नाही.

शनिवारी तिने आयमानच्या हातात घराची किल्ली दिली. “वर जाऊन दाराशी उभी राहा. काही आवाज आला तर आत जा. गोळी टेबलावर आहे.”

मग ती एकटी पडद्यापुढे बसली. मंगोलांवरून माऊसचा बाण सरकवला आणि इंग्रज निवडले.

“हे काय?” वरून लगेच उमटलं. “नवशिक्यांची बाजू?”

तिने एकेक अक्षर जपून दाबलं. “मी नवशिकीच आहे. तुम्ही शांत बसा, छातीवर हात ठेवा आणि मग वाचा. अमनताय तीन महिन्यांपूर्वीच गेला. इतके दिवस मीच खेळत होते. मला माफ करा.”

ती कान देऊन बसली. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. आयमानची हाक नाही. पडद्यावर तिचे शेतकरी कामाची वाट पाहत घोळक्याने उभे होते.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही.

“माहीत आहे. पहिल्याच शनिवारी ओळखलं मी तुला. तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून तर राइखानचं लिहिलं.”