एका ओळीचं काम

तेरावं उरकल्यावर केतकी दादाच्या लॅपटॉपसमोर बसली. तो कंपनीला परत द्यायचा होता. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

जपून ठेवण्यासारखं त्यात काहीच सापडलं नाही. किरकोळ कामासाठी दादा कधी फाईल करायचा नाही. छोटा प्रोग्राम टर्मिनलवरच, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, एका ओळीत लिहून चालवायचा. "चाललं की झालं," म्हणायचा.

तिने टर्मिनल उघडून सवयीने वरचा बाण दाबला. दादाने शेवटची चालवलेली ओळ पडद्यावर आली. न वाचताच तिने एंटर दाबलं.

स्वयंपाकघरात आईचा मोबाईल वाजला. केतकीने आता ती ओळ वाचली. दादाच्या नावाने आईला मेसेज गेला होता, ‘बीपीची गोळी घेतलीस?’

दादा गेल्यापासून हात न लावलेला गोळ्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला.

"घेते म्हणावं त्याला," आई म्हणाली.