मीठ

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साथ आल्यापासून आम्हाला दवाखान्याच्या दारातच उभं केलंय. येईल त्याला मास्क नाकावर घ्यायला सांगायचं आणि लक्षणं समजावायची, ताप, खोकला, तोंडाची चव जाणं. सांगून सांगून घसा बसतो. घरी आले की आधी अंघोळ, मग थेट माझी खोली. माझ्यामुळे घरात कुणाला लागण व्हायला नको. आई ताट दाराबाहेर ठेवून जाते.

आज पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं. आतूनच ओरडले, "आई, केवढं मीठ घातलंयस भाजीत! जरा चाखून तरी बघायचीस!"



"चाखली ना गं," दाराआडून आई म्हणाली. "अळणीच लागली, म्हणून तर आणखी घातलं."