मागे उभी असलेली मुलगी

विद्यापीठाच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर मोजके, त्यामुळे पाठीशी कुणीतरी ताटकळत उभं असायचंच. प्रबंध आजच द्यायचा होता. सगळे जिला चिमणी म्हणत, तिला मान वर करायलाही उसंत नव्हती.

भर दुपारी कॉम्प्युटरचा पडदा क्षणभर काळा झाला. त्याच्या काचेत तिला अंधुक दिसलं, मागे एक मुलगी सॅक छातीशी धरून उभी होती.

"पाच मिनिटं हं, उठतेच," चिमणी न वळताच म्हणाली.

"कुणाशी बोलतेस गं?" शेजारी बसलेल्या मैत्रिणीने विचारलं. "मागे कुणीच नाहीये."

चिमणीने वळून पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. तिने घाईघाईने प्रबंध पाठवला आणि सॅक छातीशी धरून ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"चल बाई, निघू या इथून."

मैत्रिणीने वर पाहिलंच नाही. चिमणीने तिचा खांदा हलवला, तरी ती टाइप करतच राहिली. मग चिमणीच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून मैत्रिणीने हसत विचारलं, "पाठवलास का गं, चिमणे?"

"हो, सुटले एकदाची," खुर्चीतून चिमणीच्याच आवाजात उत्तर आलं. "चल, घरी जाऊ. आई माझी वाट बघत असेल."