बटण आणि बोटं

मावशीची बोटं संधिवाताने अशी सुजलेली, की साधी वाटी धरता येईना. भाची दवाखान्यात टेक्निशियन. तिनेच हट्टाने मावशीला मशीनखाली झोपवलं. बरगडीखालच्या नसेवर अल्ट्रासाउंडच्या ध्वनिलहरी सोडायच्या, की सूज उतरते.

भाचीने बटण दाबलं आणि मावशीची बोटं गादीवर टकटकली. तीनदा दाबलं, तर तीनदा टकटक!

"मावशे, तबला शिकतेस का गं?"

"मी कुठे काय करतेय? पण बघ, मूठ वळतेय!"

खरंच वळत होती! भाची हरखून गेली.

आणि मग मावशीची बोटं आधी टकटकली, भाचीच्या बोटाकडून बटण नंतर आपोआप दाबलं गेलं. पाच टकटकींना पाचदा.

"पुरे गं, आता दुखतंय!" मावशी कळवळली.

भाची हात मागे ओढू लागली. पण तिचं बोट बटणावरून सुटेना.

गादीवर पुन्हा टकटक झाली.