वन्संच्या कादंबऱ्या

वहिनीच्या धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षापासून नणंद वहिनीला रहस्यकादंबऱ्या वाचून दाखवू लागली. नणंद वाचनालयात कामाला होती. बाद झालेली पुस्तकं घरी आणायची. दुपारी वहिनी शिंप्याच्या शर्टांना काजं करत बसायची आणि नणंद वाचायची. ओसाड मोठं घर, कुलूपबंद खोली, नाहीसा झालेला मुलगा. शेवटी कुलूप निघायचं, तर खोली रिकामी. मुलगा दूर कुठेतरी सुखरूप असायचा. शेवटच्या पानावर दार वाजायचं.

“ह्या लेखकांना दुसरं काही सुचत नाही का हो, वन्सं?” वहिनी दातांनी दोरा तोडत म्हणायची. पण नजर दाराकडे जायची.

तिचा थोरला बापाशी भांडून जहाजावर नोकरीला गेला होता. धाकटीच्या लग्नात घालायला म्हणून तिने त्याच्यासाठी शर्ट शिवला. तो आला नाही. मग ती दर वर्षी एक शिवू लागली. आता अंगाने भरला असेल, म्हणून कॉलर जराशी वाढवायची. ट्रंक भरत आली होती.

पुढे नणंदेच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. वाचन बंद पडलं. वहिनीला करमेना. साठी उलटल्यावर ती प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली. नणंदेच्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती, तेव्हा वहिनीने फळीवरचं पुस्तक काढलं.

“आज मी वाचते. हसायचं नाही.”

“कशाला गं उगाच?” नणंद घाईने म्हणाली. “शेवट तर तुला पाठ आहे.”

“म्हणून तर शेवटच वाचते.”

अक्षरांखाली बोट धरून ती वाचू लागली. कुलूप निघालं. खोलीत हाडं होती. आपलंच चुकलं असं वाटून तिने पुन्हा वाचलं. दुसरं पुस्तक काढलं. तिसरं काढलं. एकाही घरात कोणी परतलं नव्हतं.

तिने पुस्तक मिटलं.

“वन्सं, माझा कधी गेला?”

पट्टीखालून पाणी ओघळलं. “लग्न तोंडावर आलं होतं गं. जहाजावरचा माणूस वाचनालयात येऊन सांगून गेला. नंतर जीभच रेटली नाही.”

वहिनीने ट्रंक उघडली. सगळ्यात खालचा शर्ट ओढून काढला. तेवढा एकच त्याच्या मापाचा होता.

धाकटीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, जहाजाला लागलेल्या आगीत, थोरला वारला होता.